माश्यांची भाऊबंदकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकून मऊ झालेलं फळ दोन दिवस तसंच पडून राहिलं की त्याच्याभोवती चिलटं जमतात. वरवर पाहिलं तर सगळी एकाच घरातली वाटतात. भिंगाखाली धरली की कळतं, यात दोन-तीन वेगळ्या प्रजाती आहेत आणि त्या एकमेकींच्या चुलत बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या आहेत. खाणं एक, अंडी घालायची जागा एक, वेळही तीच. मग एकीने बाकीच्यांना हुसकावून कसं लावलं नाही? हा प्रश्न मला इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी विचारला गेला आहे की उत्तरं एका जागी लिहून ठेवतो. काही उत्तरं लांबली आहेत, काही ओळीत आटोपली आहेत. ज्यात गंमत जास्त, तिथे मी रेंगाळलो आहे.

इथे ‘माशी’ म्हणजे नेमकी कोणती?

मुख्यतः दोन घराणी. पहिलं ड्रॉसोफिलिडी, म्हणजे आपली चिलटं: दोन-तीन मिलिमीटरची, बहुतेक लाल डोळ्यांची, आंबू लागलेल्या फळावर येणारी. यांच्या अळ्या फळ खातात असं वाटतं, पण त्यांचं खरं अन्न म्हणजे फळावर वाढणारं यीस्ट. दुसरं घराणं टेफ्रिटिडी. या घरमाशीच्या जवळपास आकाराच्या, पंखांवर बहुधा पट्टे किंवा ठिपके असलेल्या, आणि धडधाकट फळाच्या सालीत अंडी खुपसणाऱ्या. बागायतदार ‘फळमाशी’ म्हणतो ती ही दुसरी. प्रयोगशाळेतले लोक ‘फळमाशी’ म्हणतात ती पहिली. या एका शब्दाने बराच घोळ घातला आहे, म्हणून मी पहिलीला चिलट आणि दुसरीलाच फळमाशी म्हणणार आहे. मेलेल्या जनावरावर येणाऱ्या निळ्या-हिरव्या माश्याही अधूनमधून येतील.

‘जवळच्या नात्यातल्या’ म्हणजे किती जवळच्या?

इतक्या, की तज्ज्ञही चकतात. ड्रॉसोफिला मेलानोगास्टर या चिलटाला १८३० साली नाव मिळालं. त्यात दुसरीच एक प्रजाती मिसळलेली आहे हे १९१९ साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी दाखवून दिलं आणि तिचं नाव ठेवलं सिम्युलन्स, म्हणजे नक्कल करणारी. तोवर जवळजवळ नव्वद वर्षं दोघी एकाच नावाखाली नांदत होत्या.

ओळखायची खात्रीची खूण नराच्या शेपटाशी असते. नराला बेशुद्ध करून सूक्ष्मदर्शकाखाली उताणा करायचा आणि पोटाच्या टोकाशी जननेंद्रियाच्या बाजूला जो छोटा उंचवटा असतो तो पाहायचा. मेलानोगास्टरमध्ये तो आकड्यासारखा बारीक, सिम्युलन्समध्ये शिंपल्यासारखा रुंद आणि गोल. हाताला सवय झाली की एका नराला पाच सेकंदही लागत नाहीत. माद्यांच्या बाबतीत मात्र हात टेकावे लागतात. त्या इतक्या सारख्या दिसतात की बऱ्याचदा त्यांना वेगळं ठेवून त्यांचे मुलगे जन्मण्याची वाट बघणं हाच सोपा मार्ग ठरतो.

नातं जवळचं असलं की भांडण जास्त, हे खरं का?

डार्विनने १८५९ साली हेच मांडलं होतं: ज्यांच्या सवयी सारख्या, गरजा सारख्या, त्यांच्यात झुंज सर्वांत तीव्र. आपल्याकडे याला भाऊबंदकी असा नेमका शब्द आहे. बांधावरून वाद होतो तो शेजारच्या शेताशी, तीन कोसांवरच्या शेताशी होत नाही.

माश्यांमध्ये हे पुष्कळदा खरं ठरतं, पण नियम म्हणून छातीठोकपणे सांगू नये. सख्ख्या बहिणींसारख्या दोन प्रजाती अगदी निराळ्या फळांवर गेलेल्या आढळतात, आणि कुठल्या तरी दूरच्या नात्यातली माशी त्याच फळात येऊन खरी स्पर्धक ठरते. नात्यापेक्षा ताट एक आहे का, हे आधी बघावं.

माश्या भांडतात म्हणजे करतात तरी काय?

बहुतेक वेळा एकमेकींना हातही लावत नाहीत. भांडण अळ्यांचं असतं आणि ते खाण्याच्या वेगाचं असतं.

काचेची बाटली घ्या, तळाशी दोन बोटं खाद्य, आणि त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त अंडी. २५ अंश सेल्सिअसला दिवसभरात अंडी फुटतात. तिसऱ्या दिवशी बाटली प्रकाशासमोर धरली तर खाद्याचा पृष्ठभाग हलताना दिसतो. शेकडो अळ्या डोकं खाली आणि शेपूट वर करून उभ्या असतात, कारण त्या प्रामुख्याने शेपटाकडच्या छिद्रांतून श्वास घेतात. तोंडाचे दोन काळे आकडे एकसारखे खालीवर होत असतात. खाद्याची पातळ लापशी झालेली असते. ज्या अळ्या एक दिवस उशिरा बाहेर पडल्या त्यांच्या वाट्याला ही लापशी आणि तिच्यात साचलेला युरिया-अमोनियाचा कचरा येतो. एका ठरावीक वजनापर्यंत पोचली तर अळी कोष करते, पण त्यातून येणारं चिलट निम्म्या आकाराचं, आणि लहान मादी म्हणजे कमी अंडी. त्या वजनापर्यंत जी पोचत नाही ती तिथेच मरते. आवाज नाही, मारामारी नाही, पण निकाल लागलेला असतो.

गर्दीत पिढ्यान् पिढ्या वाढवलेल्या मेलानोगास्टरच्या अळ्यांचा खाण्याचा वेग वाढतो, हे अमिताभ जोशी आणि लॉरेन्स म्युलर यांनी १९८८ साली दाखवलं. अर्थात प्रत्येक प्रजाती तोच मार्ग धरते असं नाही. गर्दीत तगण्यासाठी कोणी वाढ लवकर उरकते, कोणी थोडक्या खाण्यात भागवते.

उघड मारामारीही असते, नाही असं नाही. फळमाश्यांच्या माद्या एकमेकींना फळावरून हाकलतात. आणि क्रायसोमिया रुफिफेसीस या मांसावरच्या माशीच्या थोराड अळ्या तर शेजारच्या प्रजातीच्या अळ्या चक्क खातात. तिथे स्पर्धा आणि शिकार यांच्यातली रेघ पुसट होते.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असा काही नियम आहे ना?

आहे, आणि त्याच्याशी रशियन जीवशास्त्रज्ञ गेओर्गी गौझे यांचं नाव जोडलं गेलं आहे. त्यांनी १९३४ साली पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या दोन प्रजाती एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढवल्या. एक उरली, दुसरी संपली. पुढे १९६० साली गॅरेट हार्डिन यांनी त्याला ‘स्पर्धात्मक वर्जन’ या अर्थाचं नाव रूढ केलं: सर्व बाबतींत सारखी गरज असलेल्या दोन प्रजाती कायमच्या एकत्र राहू शकत नाहीत.

१९६९ साली फ्रान्सिस्को अयाला यांनी चिलटांच्या पिंजऱ्यांवरून हा नियम मोडल्याचा दावा केला. त्यांच्याकडे स्युडोऑब्स्क्युरा आणि सेराटा या दोन प्रजाती एकाच खाद्यावर पिढ्यान् पिढ्या सोबत राहिल्या होत्या. पुढच्याच वर्षी खुद्द गौझे यांनी त्याला लेखी आक्षेप घेतला. माझं मत विचाराल तर नियम मोडला नव्हता. पिंजरा आपल्याला एकसारखा वाटतो. खाद्याची वरची कोरडी कड आणि खालचा ओला थर ही अळीसाठी दोन वेगळी घरं असू शकतात. म्यान एक दिसत होती, एवढंच.

मग एकत्र राहायची अट तरी कोणती?

एका वाक्यात: प्रत्येक प्रजातीने दुसरीपेक्षा स्वतःच्याच पायावर जास्त धोंडा पाडला पाहिजे.

हे जरा उलगडून सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. समजा ‘अ’ची संख्या वाढली. त्या गर्दीचा फटका ‘अ’लाच जास्त बसला आणि ‘ब’ला कमी, तर ‘अ’ आपोआप आवरली जाते आणि ‘ब’ला श्वास मिळतो. उलट दिशेनेही तसंच घडलं तर दोघी टिकतात. पीटर चेसन यांनी २००० साली हा हिशोब नीट मांडला. दोघींच्या सवयी किती वेगळ्या आणि दोघींच्या ताकदीत किती तफावत, या दोन गोष्टी तराजूत टाकायच्या. तफावत थोडी असेल तर थोडासा वेगळेपणाही पुरतो. तफावत मोठी असेल तर वेगळेपणही तेवढंच मोठं लागतं. माश्या हे वेगळेपण कुठून कुठून आणतात, ते पुढे पाहा.

मेलानोगास्टर आणि सिम्युलन्स यांत जिंकतं कोण?

कुठल्या तापमानाला, हे आधी सांगा. जॉन मूर यांनी १९५२ साली दोघींना पिंजऱ्यांत एकत्र सोडलं. २५ अंशांना मेलानोगास्टर सरस ठरली, १५ अंशांना सिम्युलन्स. त्याच पिंजऱ्यांतून आणखी एक गोष्ट निघाली. एका पिंजऱ्यात हरत आलेली सिम्युलन्स हळूहळू सावरली, आणि तिची पिलावळ पुन्हा स्पर्धेत उतरवल्यावर आधीपेक्षा सरस निघाली. म्हणजे हरणारी माशी हरता हरता बदलतही असते.

दारूचाही संबंध आहे. मेलानोगास्टरला अल्कोहोल सिम्युलन्सपेक्षा कितीतरी जास्त सोसतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या एका वाइनरीत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी पाहिलं, तर तळघरात मेलानोगास्टर आणि बाहेरच्या परिसरात सिम्युलन्स, अशी जणू दारातच वाटणी झाली होती.

या दोघींमधल्या झुंजीचा अनुभव मी स्वतःच्या निष्काळजीपणामुळेही घेतला आहे. सिम्युलन्सच्या बाटलीत कुठूनशी एखादी मेलानोगास्टर मादी शिरली असावी. बूच सैल राहिलं असेल, नाहीतर ब्रशला चिकटून आली असेल. लेबल तसंच होतं, आणि मी लेबलावर विसंबून पिढ्यामागून पिढ्या नव्या बाटलीत टाकत गेलो. काही महिन्यांनी सहज एक नर उताणा केला तर आकडा दिसला. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. शिंपला एकाही नरात नव्हता. खोली उबदार होती, हे वेगळं सांगायला नको.

निसर्गात तर एकाच फळातून दोन्ही बाहेर पडतात. ते कसं?

याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर साधं आहे, आणि ते सुचायला मात्र १९८१ साल उजाडावं लागलं. विल्यम अ‍ॅटकिन्सन आणि ब्रायन शोरॉक्स या दोघांनी ते संगणकावर मांडलं.

माशीचं अन्न तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं असतं. एक फळ, एक अळंबी, शेणाचा एक पो. प्रत्येक तुकडा थोडे दिवस टिकतो आणि संपतो. माद्या या तुकड्यांवर अंडी सारखी वाटून टाकत नाहीत. काही तुकड्यांवर झुंबड, काही रिकामे.

आता आकडे घेऊ. समजा १०० फळं आहेत आणि बलवान ‘अ’च्या ३०० अळ्या. त्या सारख्या वाटल्या तर प्रत्येक फळात ३, म्हणजे दुबळ्या ‘ब’ला एकही फळ मोकळं नाही. त्याच ३०० अळ्या २० फळांत १५-१५ अशा कोंबल्या गेल्या, तर ८० फळं ‘अ’पासून मुक्त. ‘ब’ तिथे निवांत वाढते. शिवाय त्या २० फळांत ‘अ’च्या अळ्या एकमेकींचंच अन्न ओरपतात. धोंडा बरोबर स्वतःच्या पायावर.

यात ‘ब’ला हुशार असावं लागत नाही. तिने मोकळं फळ शोधून काढायची गरज नाही, नुसतं ‘अ’शी संगनमत नसलं की पुरे. मात्र दोघींची झुंबड त्याच त्याच फळांवर होत असेल तर हा फायदा वितळून जातो. प्रत्यक्षात फळांवरच्या आणि अळंब्यांवरच्या चिलटांची मोजणी झाली तेव्हा गठ्ठ्यांनी राहण्याची सवय जवळपास सगळीकडे दिसली.

पण माद्या अशी गर्दी करतात तरी का? त्यांचंच नुकसान ना?

थोडी गर्दी फायद्याची असते. बऱ्याच अळ्या मिळून खाद्य उकरतात तेव्हा बुरशीला जम बसवता येत नाही. एकटी-दुकटी अळी बुरशीपुढे हरते. मेलानोगास्टरच्या नरांचा एक गंध आहे, सिस-व्हॅक्सेनिल अ‍ॅसिटेट, तो मादीच्या अंगावरून खाद्यावर उतरतो आणि इतरांना बोलावणं धाडतो. थोडी गर्दी बरी, पण थांबायचं कुठे हे कोणी सांगत नाही, म्हणून ती अती होते.

फळं, झाडं वाटून घेतल्याची ठोस उदाहरणं आहेत का?

भरपूर, आणि त्यातलं सर्वांत देखणं उत्तर अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातलं. तिथे चिलटं निवडुंगाच्या सडक्या भागांवर जगतात. नायग्रोस्पिराक्युला ही प्रजाती सग्वारो आणि कार्दोन या महाकाय निवडुंगांवर. मोहावेन्सिस आग्रिया आणि ऑर्गन पाइपवर. मेटलेरीने तर निवडुंगच सोडला, ती सडक्या निवडुंगाचा रस गळून भिजलेल्या मातीत अळ्या वाढवते. आणि पाकिया फक्त सेनिता नावाच्या निवडुंगावर.

पाकियाची गोष्ट तर ऐकण्यासारखीच आहे. सेनितामध्ये अशी अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली विषारी रसायनं, आहेत की बाकीच्या चिलटांना ती बाधतात. पाकिया ती पचवते. पण त्या बदल्यात तिने स्वतःला बांधून घेतलं आहे. कात टाकण्यासाठी कीटकांना एक संप्रेरक लागतं, ते साध्या कोलेस्टेरॉलपासून बनवण्याची कला ती गमावून बसली. त्यासाठी लागणारा कच्चा माल सेनितातच मिळतो. नेव्हरलँड नावाच्या एका जनुकातल्या मोजक्या बदलांचा हा परिणाम, हे २०१२ साली उलगडलं. भाऊबंदांशी वाद टाळायला तिने वेगळं घर केलं आणि त्या घराची किल्ली आतूनच हरवली.

सेशेल्स बेटांवरची सेशेलिया ही मेलानोगास्टर-सिम्युलन्सच्याच गोतावळ्यातली. ती नोनीच्या फळावर राहते. पिकत्या नोनीत ऑक्टॅनोइक आम्ल असतं, त्याने बाकीच्या बहिणी मरतात. सेशेलियाला मात्र त्याच वासाची ओढ. फळ जुनं होऊन विष उतरलं की सिम्युलन्सलाही तिथे शिरकाव मिळतो, पण तोवर सेशेलियाच्या अळ्या मोठ्या झालेल्या असतात.

ड्रॉसोफिला सुझुकीने जागेऐवजी वेळ बदलली. तिच्या अंडी घालायच्या नळीला करवतीसारखे दाते आहेत, त्यामुळे इतर चिलटं फळ सडण्याची वाट बघत असताना ही ताज्या, घट्ट फळाची साल कापून आत अंडी घालते. २००८ साली ती युरोप आणि अमेरिका खंडात एकदमच सापडली आणि मऊ सालीची फळं पिकवणाऱ्यांची झोप उडाली.

सगळं सारखंच असेल, फळही आणि वेळही, तर?

तर हंगाम मदतीला येतो. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावरच्या चिलटांवर यान सेव्हेन्स्टर आणि याक फान आल्फेन यांनी काम केलं, ते १९९३ साली प्रसिद्ध झालं. त्यांना दिसलं की ज्या प्रजातींच्या अळ्या झपाट्याने वाढतात त्यांचे प्रौढ उपाशीपोटी लवकर मरतात, आणि ज्यांच्या अळ्या रेंगाळतात त्यांचे प्रौढ उपास काढतात. फळांची रेलचेल असेल तेव्हा वेगवान प्रजातीची चलती. फळं दुर्मीळ झाली की दोन फळांमधला भाकडकाळ जो काढेल तो पुढे जाईल. दोन्ही गुण एकीच्याच अंगी असते तर बाकीच्या केव्हाच संपल्या असत्या.

शत्रूमुळे भाऊबंदकी मिटते का?

कधीकधी, आणि त्याचा पुरावा शोधायला फार मेहनत पडली. पेरूमधल्या एका ठिकाणी मार्टी काँडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या दोनच वेलींची ३,६३६ फुलं गोळा केली. त्यांतून ब्लेफारोन्यूरा या फळमाश्यांच्या घराण्यातल्या माश्यांच्या तब्बल १४ प्रजाती निघाल्या. त्यांतल्या कित्येक एकाच वेलीच्या, त्यातही फक्त नरफुलांवर किंवा फक्त मादीफुलांवर. १४ प्रजाती, आणि ताटं म्हणावीत तर जेमतेम चार. वर्जनाच्या नियमाला हे सरळसरळ आव्हान होतं.

मग त्यांनी कोषांमधला डीएनए तपासला. या माश्यांच्या मागे परजीवी गांधीलमाश्या असतात, त्या माशीच्या पिलावळीत आपली अंडी टोचतात. बहुतेक गांधीलमाश्या प्रौढ होऊन बाहेर पडत होत्या त्या एकाच प्रजातीच्या माशीतून. पण कोषांत सापडलेला डीएनए सांगत होता की त्यांनी अंडी इतर प्रजातींतही टोचली होती, आणि तिथे त्यांचा वंश मेला होता. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या माश्या आतून वेगळ्या होत्या: एकीला मारणारा शत्रू दुसरीच्या पोटात स्वतःच मरतो. फूल एकच, पण प्रत्येकीचा वैरी वेगळा. हा निष्कर्ष २०१४ साली छापून आला. नुसत्या अन्नाची यादी करून सहअस्तित्वाचा उलगडा करू पाहणाऱ्यांना तो अडचणीत टाकतो, असं मला वाटतं.

या प्रजातींचा आपसात संकर होतो का?

होतो, पण बहुधा तोट्याचा. मेलानोगास्टर मादी आणि सिम्युलन्स नर यांच्यापासून फक्त मुली होतात, त्याही वांझ. उलट जोडीतून मुख्यतः मुलगे, तेही वांझ. म्हणजे चुकीच्या नराशी जोडी जमली तर मादीची अंडी वाया. स्पर्धेचा हा एक छुपा प्रकारच आहे, आणि जी प्रजाती संख्येने कमी तिला तो जास्त महागात पडतो, कारण तिच्याभोवती चुकीचे नरच जास्त असतात.

आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर याचा सुंदर नमुना आहे. तिथल्या डोंगराच्या पायथ्याकडे याकुबा राहते, उंचावर सांतोमिया, आणि मध्ये एका पट्ट्यात दोघी भेटतात, तिथे संकर सापडतात. सांतोमिया अंगाने पिवळसर आहे. ती १९९८ साली हाती लागली, २००० साली तिला नाव मिळालं.

बाहेरून नवी फळमाशी आली तर जुनीचं काय होतं?

इथे प्रकरण गंभीर होतं. फळमाश्यांच्या जगात ‘बळी तो कान पिळी’ पाहायचं असेल तर बेटांवर पाहावं.

हवाईत भूमध्य फळमाशी, सेराटायटिस कॅपिटाटा, १९१०च्या सुमारास नोंदली गेली आणि सगळीकडे पसरली. १९४०च्या दशकाच्या मध्यात पूर्वेची फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, येऊन धडकली. सखल भागातली फळं तिने बघता बघता बळकावली. भूमध्य फळमाशी थंड उंचावर सरकली आणि कॉफीच्या फळांवर तगून राहिली.

रीयुनियन बेटावर तर एकामागून एक तीन आल्या: १९३९ साली कॅपिटाटा, १९५५ साली रोझा, १९९१ साली बॅक्ट्रोसेरा झोनाटा. बेटाची मूळची सेराटायटिस कॅटोइरी आधीपासून होतीच. पिएर-फ्रांस्वा ड्युक आणि सहकाऱ्यांनी या चौघींना एकमेकींसमोर उभं केलं, तर साधारणपणे नंतर आलेली आधीचीला भारी पडत होती. तरीही बेटावर एकीचंच राज्य झालं नाही. सखल, उष्ण भाग झोनाटाने घेतला. थंड, ओलसर उंचीवर रोझा उरली. हवामानाने वाटणी करून दिली. मूळची कॅटोइरी मात्र अगदी दुर्मीळ झाली, तिच्यासाठी वेगळा कोपरा उरला नव्हता. २०१७ साली तिथे डॉर्सालिसही पोचली.

आफ्रिका खंडात हीच डॉर्सालिस २००३ साली केनियात सापडली. आधी ती वेगळीच प्रजाती समजली गेली, २००५ साली तिला ‘इन्व्हेडन्स’ हे नाव दिलं गेलं, आणि २०१५ साली ती डॉर्सालिसच असल्याचं ठरून ते नाव मागे पडलं. आंब्यावरची तिथली जुनी माशी, सेराटायटिस कोसायरा, थोड्याच वर्षांत मागे हटली. कारणं दोन: एकाच फळात नवीच्या अळ्या अन्न आधी फस्त करतात, आणि प्रौढ माश्या जुनीला फळावरून हाकलतात.

म्हणजे नवी माशी आली तर जुनीचा उपद्रव संपला, चांगलंच की?

नाही. जुनी दुसऱ्या फळावर किंवा दुसऱ्या उंचीवर सरकते, नवी पहिल्या जागी जास्त नुकसान करते. आणि नवीला एखाद्या सापळ्याने आवरलं तर जुनी मोकळ्या जागेत परत यायला टपलेली असते. सापळ्यातला गंधही प्रजातीप्रमाणे बदलतो: मिथाइल युजेनॉलला डॉर्सालिसचे नर धावून येतात, कॅपिटाटाचे येत नाहीत. एकाच आमिषाच्या सापळ्यातले आकडे बघून ‘फळमाशी कमी झाली’ असं म्हणू नये.

तापमान वाढलं तर कोण कुठे राहील, हे सांगता येईल का?

प्रत्येक प्रजातीला सोसणारं तापमान मोजून नकाशा रंगवणं हा सोपा मार्ग. तो फसतो, हे १९९८ साली चिलटांनीच दाखवलं. संशोधकांनी १० ते २५ अंशांपर्यंत चढत जाणारे पिंजरे नळ्यांनी जोडले आणि त्यांत मेलानोगास्टर, सिम्युलन्स, सबऑब्स्क्युरा आणि एक परजीवी गांधीलमाशी सोडली. शेजारच्या पिंजऱ्यातून सतत येणाऱ्यांमुळे काही प्रजाती न सोसणाऱ्या तापमानालाही टिकल्या, आणि स्पर्धक किंवा गांधीलमाशी असली की त्यांच्या हद्दी बदलल्या. तापमान एकच ठेवून शेजारी बदलला तरी नकाशा बदलतो.

हे घरी बघता येईल का?

येईल. एक पिकलेलं फळ घ्या, त्याचे समान वजनाचे दोन भाग करा. एक भाग तुलनेसाठी अख्खाच एका पेल्यात ठेवा, दुसऱ्याचे बारा तुकडे करून बारा छोट्या पेल्यांत. दोन दिवस उघडे राहू द्या, चिलटं येऊन जातील. मग प्रत्येक पेल्यावर पातळ कापड ताणून रबर लावा आणि सावलीत ठेवून द्या. खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर साधारण दहाव्या दिवसापासून चिलटं बाहेर पडू लागतील. कापडासकट पेला तासभर फ्रिजच्या डीप फ्रीझमध्ये ठेवला की मोजणं सोपं जातं.

पांढऱ्या कागदावर ओतून बारा पेल्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. ते सारखे येणार नाहीत. दोन-तीन पेल्यांत चिक्कार, तीही इवल्याशा अंगाची. बऱ्याच पेल्यांत मोजून पाच-सहा, चांगली थोराड. एखादा पेला रिकामा. साधं हातातलं भिंग असेल तर पोटावरचे पट्टे आणि डोळ्यांचा रंग पाहून निदान दोन ढीग करून बघा. दुसरा ढीग भरेल तो बहुधा त्या तुरळक पेल्यांतूनच.